मोझार्ट : के. १ ते के. ६२६

टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आठवते ना? १९८७ पासून टीव्हीवर वाजत आलेली आणि आता आपल्या डोक्यात कायमची बसलेली. ती मोझार्टची आहे हे क्विझ खेळणाऱ्या कुठल्याही दोस्ताला माहीत असतं. आता दुसरं उदाहरण. 'छाया' (१९६१) या चित्रपटातलं तलत महमूद आणि लताबाईंचं ते प्रसिद्ध द्वंद्वगीत. सलील चौधरींनी त्याची चाल मोझार्टवरूनच घेतली, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पुढचा प्रश्न विचारला की गाडी अडते. मोझार्टच्या कुठल्या रचनेवरून?

पहिल्याचं उत्तर : जी मायनरमधली सिंफनी. दुसऱ्याचं उत्तर : जी मायनरमधली सिंफनी!

घोळ लक्षात आला? दोन्ही रचना त्याच माणसाच्या, दोन्ही सिंफनी, दोन्हींचा 'सा' एकच. मात्र एक सतरा वर्षांच्या पोराने लिहिलेली, तर दुसरी कर्जात बुडालेल्या बत्तीस वर्षांच्या संसारी माणसाने. दुकानात जाऊन मोझार्टची जी मायनर सिंफनी द्या म्हटलं, तर दुकानदार विचारणार, कुठली? पियानो सोनाटांचं तर आणखी अवघड. सी मेजर, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक धरून बिलावल थाटाचे स्वर. या एका पट्टीत मोझार्टच्या चार पियानो सोनाटा आहेत. आपल्या वर्गात चार पाटील असले की सर जे करतात, तेच इथेही करावं लागतं. रोल नंबर विचारावा लागतो.

मोझार्टच्या रचनांना असे रोल नंबर आहेत. टायटनची के. १८३, सलीलदांची के. ५५०, आणि सी मेजरच्या त्या चार सोनाटा के. २७९, ३०९, ३३० आणि ५४५. जगात कुठेही, कुठल्याही भाषेत हा आकडा सांगितला की समोरचा नेमकं तेच पुस्तक काढून देतो. संगीताचे विद्यार्थी परीक्षेच्या फॉर्मवर, वादक कार्यक्रमपत्रिकेत, आकाशवाणीवाले निवेदनात हाच आकडा वापरतात. यातला 'के' मोझार्टचा नाही, एका भलत्याच माणसाचा आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी हे आकडे हातात धरून मोझार्टचं आयुष्य पाहू या.

पहिले रोल नंबर

वोल्फगांग अमाडेउस मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ ला साल्झबुर्गमध्ये झाला. वडील लिओपोल्ड तिथल्या आर्चबिशपच्या दरबारात व्हायोलिन वाजवायचे. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांचं व्हायोलिन शिकवण्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि गाजलं. थोडक्यात, घरातच उत्तम मास्तर होता. मोठी बहीण मारिया आना, लाडाचं नाव नॅनर्ल, हार्पसिकॉर्ड शिकत होती. तिच्यासाठी वडिलांनी एक वही केली होती. धाकटा त्याच वहीतून शिकला, आणि त्याने रचलेले छोटे तुकडे वडील त्याच वहीत उतरवून घेऊ लागले. के. १ म्हणजे तसाच एक छोटा मिन्युएट. आपण ज्या वयात पाटीवर 'ग म भ न' गिरवत होतो, त्या वयातलं हे काम.

नॅनर्लबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती स्वतः अव्वल वादक होती आणि सुरुवातीच्या दौऱ्यांमध्ये भावाच्या बरोबरीने वाजवायची. पण मुलगी वयात आली तशी दौऱ्यांतून तिचं नाव गळलं. आपण रचना केल्याचे उल्लेख पत्रांतून सापडतात, पण तिची एकही रचना आज हाती नाही. त्यामुळे तिच्या नावापुढे कुठलाच क्रमांक नाही. यादी बघताना यादीबाहेर कोण राहिलं हेही बघावं, म्हणून हे सांगितलं.

१७६३ ते १७६६ या काळात लिओपोल्ड सगळं कुटुंब घेऊन युरोपभर फिरले. म्युनिक, पॅरिस, लंडन, हॉलंड. घोडागाडीचा प्रवास, राजवाड्यांतले कार्यक्रम आणि मधूनमधून मुलांची जिवावरची आजारपणं. लंडनमध्ये लिओपोल्ड स्वतः आजारी पडले, तेव्हा घरात वाद्य वाजवायला बंदी झाली. मग आठ वर्षांचा हा पोरगा कागद घेऊन बसला आणि त्याने पहिली सिंफनी लिहिली. ती के. १६.

लंडनमधलाच आणखी एक किस्सा. कार्ल फ्रीडरिश आबेल या संगीतकाराची एक सिंफनी छोट्या मोझार्टने अभ्यासासाठी उतरवून काढली. आपण सीनिअरची जर्नल उतरवतो तशी, फरक एवढाच की तो खरंच शिकण्यासाठी उतरवत होता. पुढे त्याच्या अक्षरातली ती प्रत सापडली आणि मंडळींनी ती त्याचीच समजली. तिला के. १८ क्रमांक मिळाला आणि 'सिंफनी क्रमांक ३' अशी ओळखही मिळाली. खरा मालक नंतर सापडला. असाच प्रकार 'सिंफनी क्रमांक ३७' चा, म्हणजे के. ४४४ चा. तिची फक्त सुरुवातीची संथ प्रस्तावना मोझार्टची, बाकी सगळी सिंफनी त्याचा मित्र मिखाएल हायडनची. हे १९०७ मध्ये उघड झालं. म्हणून आज सिंफनींच्या यादीत ३६ नंतर एकदम ३८ येते. अक्षर कोणाचं यावरून रचना कोणाची ते ठरवता येत नाही, हा धडा इथे मिळाला.

चौदाव्या वर्षी इटली. तिथे रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये आल्लेग्रीचं 'मिसेरेरे' ऐकून त्याने ते आठवणीतून लिहून काढलं. बोलोन्यात पाद्री मार्तिनींकडे शिकला. त्याच वर्षी, १७७० मध्ये, मिलानमध्ये त्याचा 'मित्रिदाते' हा ऑपेरा झाला, क्रमांक के. ८७. आणि १७७३ मध्ये साल्झबुर्गला परत आल्यावर सतराव्या वर्षी लिहिली ती आपली टायटनवाली के. १८३.

एक फॉर्म्युला

इथे थांबून एक गंमत सांगतो, खास इंजिनिअरांसाठी. के क्रमांकाला २५ ने भागा आणि त्यात १० मिळवा. रचना लिहिताना मोझार्टचं वय साधारण तेवढं होतं.

करून बघा. के. १८३ : सात पूर्णांक तीन अधिक दहा, म्हणजे सतरा. बरोबर. के. ५५० : बावीस अधिक दहा, बत्तीस. बरोबर. 'फिगारोचं लग्न' हा ऑपेरा के. ४९२ : उत्तर साधारण तीस, आणि १ मे १७८६ ला तो रंगमंचावर आला तेव्हा मोझार्ट तीसच वर्षांचा होता. शेवटची के. ६२६ : पस्तीस. बरोबर पस्तिसाव्या वर्षीच तो गेला.

शंभरच्या आतल्या क्रमांकांना मात्र हे लागू पडत नाही. के. १६ घातला तर साडेदहा येतात, खरं वय आठ. कुठल्याही एम्पिरिकल फॉर्म्युल्याची रेंज असते, तशी याचीही आहे. पण शंभरच्या पुढे सरळ रेषा. तिचा स्लोप पाहा, वर्षाला सरासरी पंचवीस रचना, आणि हे वीस वर्षांहून जास्त काळ चालू. यातल्या कित्येक रचना म्हणजे तीन-तीन तासांचे ऑपेरा. आपल्याला सेमिस्टरला दहा सबमिशनं जड जातात.

हा फॉर्म्युला चालतो कारण क्रमांक काळाच्या ओळीत लावलेले आहेत. क्रमांक मोठा तसं वय मोठं. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने सगळा घोटाळा केला आहे.

पॅरिस, १७७८

साल्झबुर्गची नोकरी म्हणजे कोंडमारा होता. १७७७ मध्ये मोझार्ट चांगल्या नोकरीच्या शोधात बाहेर पडला. वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून सोबत आई गेली. म्युनिक, मानहाइम, पॅरिस. इंटरव्ह्यू खूप झाले, ऑफर लेटर कुठलंच नाही. पॅरिसमध्ये आई आजारी पडली आणि ३ जुलै १७७८ ला गेली. परक्या गावात बावीस वर्षांचा मुलगा आणि आईचा मृतदेह. त्या रात्री त्याने वडिलांना पत्र लिहिलं ते आई फार आजारी आहे एवढंच. आणि साल्झबुर्गमधल्या एका स्नेही पाद्र्याला दुसरं पत्र लिहून खरं कळवलं, वडिलांच्या मनाची हळूहळू तयारी करा अशी विनंती केली. घरी वाईट बातमी कशी सांगायची हा प्रश्न ज्याला कधी पडलाय, त्याला ही दोन पत्रं समजतील.

याच उन्हाळ्यातली म्हणून ओळखली जाते ती ए मायनरमधली पियानो सोनाटा, के. ३१०. अतिशय अस्वस्थ, धगधगती रचना. आईच्या मृत्यूचा आक्रोश म्हणून ती सगळीकडे ऐकवली जाते. पण हस्तलिखितावर फक्त पॅरिस आणि १७७८ एवढंच आहे. ती ३ जुलैच्या आधीची की नंतरची, हे तो आकडा सांगत नाही आणि कागदही सांगत नाही. आपण मात्र आकड्याशेजारी आयुष्यातली घटना ठेवतो आणि गोष्ट जुळवतो. जुळते म्हणून खरी मानतो.

व्हिएन्ना

हात हलवत परत आला आणि पुन्हा आर्चबिशपच्या पदरी लागला. १७८१ मध्ये त्याचं आर्चबिशपशी उघड भांडण झालं. राजीनामा घेऊन गेलेल्या मोझार्टला दरबारातल्या काउंट आर्कोने अक्षरशः ढुंगणावर लाथ मारून बाहेर काढलं. ती लाथ संगीताच्या इतिहासात अमर झाली. मोझार्ट व्हिएन्नात स्वतंत्र धंद्याला लागला. शिकवण्या, कार्यक्रम, ऑपेरा. आजच्या भाषेत फ्रीलान्सिंग. ४ ऑगस्ट १७८२ ला वडिलांची मनापासून संमती नसताना कॉन्स्टान्झे वेबरशी लग्न केलं. नऊ वर्षांत सहा मुलं झाली, त्यातली दोनच जगली.

आणि मग तो स्वतःची यादी ठेवायला लागला. फेब्रुवारी १७८४ मध्ये त्याने एक वही केली. डाव्या पानावर तारीख, रचनेचं नाव, लागणारी वाद्यं. समोर उजव्या पानावर रचनेचे सुरुवातीचे स्वर. पहिली नोंद ९ फेब्रुवारी १७८४ ची, ई फ्लॅटमधला पियानो कॉन्चेर्टो, जो आज के. ४४९ आहे. इथून पुढे जवळजवळ आठ वर्षं ही वही चालू राहिली.

उजव्या पानावरचे ते सुरुवातीचे स्वर फार महत्त्वाचे. नाव सारखं असू शकतं, पट्टी सारखी असू शकते, पण सुरुवातीची ओळ सारखी नसते. आपल्याकडेही बंदीश नुसत्या रागाच्या नावाने ओळखता येत नाही. यमनमध्ये बंदिशी काय कमी आहेत? राग, ताल आणि मुखडा सांगितला की कळतं. तसंच हे. मोझार्टची ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्या वहीतली काही पानं चाळू या. १ मे १७८६ चा 'फिगारो' येतो. २८ मे १७८७ ला साल्झबुर्गला वडील वारले. १० ऑगस्ट १७८७ ला जगातली बहुधा सर्वांत जास्त वाजवली जाणारी रात्रसंगीतिका, 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक', के. ५२५. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला प्रागमध्ये 'डॉन जोव्हान्नी', के. ५२७.

१७८८ चा उन्हाळा तर विश्वास बसू नये असा. तुर्कांशी युद्ध चालू, सरदार मंडळी व्हिएन्ना सोडून गेलेली, कार्यक्रम बंद पडलेले. दरबारात संगीतकाराची जागा मिळाली होती, पण वर्षाला ८०० फ्लोरिनांवर. आधी त्या जागेवर असलेल्या ग्लुकला २००० मिळायचे. मोझार्ट घर बदलतोय, पुखबेर्ग नावाच्या व्यापारी मित्राला उसने पैसे मागणारी पत्रं लिहितोय, आणि २९ जूनला सहा महिन्यांची मुलगी गेली. वहीतल्या नोंदी अशा : २६ जून, सिंफनी ई फ्लॅट मेजर, के. ५४३. २५ जुलै, सिंफनी जी मायनर, के. ५५०. १० ऑगस्ट, सिंफनी सी मेजर, के. ५५१. जिला पुढे लोकांनी 'ज्युपिटर' नाव दिलं. त्याच्या शेवटच्या तीन सिंफनी, दीड महिन्याच्या अंतरात. वहीत मुलीची नोंद नाही, कर्जाची नाही. तारीख, वाद्यं, सुरुवातीचे स्वर. बस्स.

१७९१ हे शेवटचं वर्ष. के. ६२० 'जादूची बासरी', के. ६२१ 'तीतो', के. ६२२ क्लॅरिनेट कॉन्चेर्टो. याच सुमारास एका अनोळखी माणसामार्फत मृतासाठीच्या प्रार्थनेची, म्हणजे रेक्विएमची ऑर्डर आली. देणारा कोण ते गुपित. तो होता काउंट वाल्सेग. त्याची तरुण बायको त्याच वर्षी गेली होती. या गृहस्थाला दुसऱ्याकडून रचना लिहून घेऊन त्या स्वतःच्या म्हणून वाजवायची हौस होती. म्हणजे जी रचना आज जगात मोझार्टचं नाव सांगते, ती मुळात मोझार्टचं नाव पुसण्यासाठीच विकत घेतली जात होती.

वहीतली शेवटची नोंद १५ नोव्हेंबर १७९१ ची, एक छोटं समूहगीत, के. ६२३. त्यानंतर पानांवर ओळी आखलेल्या आहेत, पण त्या रिकाम्या आहेत. ५ डिसेंबर १७९१ ला तो गेला. रेक्विएम अपुरं राहिलं. 'लाक्रिमोझा' हा भाग तर आठ मात्राखंडांवर थांबलेला. ऑर्डरचे उरलेले पैसे मिळावेत म्हणून कॉन्स्टान्झेने ते इतरांकडून, मुख्यतः झ्युसमायर या त्याच्या सहकाऱ्याकडून पूर्ण करून घेतलं. त्याला पुढे क्रमांक मिळाला के. ६२६. वाल्सेगने ते १७९३ मध्ये स्वतःच्या नावावर सादर केलंसुद्धा, पण लबाडी टिकली नाही.

('अमाडेउस' (१९८४) सिनेमा पाहिलेल्यांसाठी : सालिएरीने विष घातलं याला काडीचा पुरावा नाही. सिनेमा झकास आहे, पण तो सिनेमा आहे.)

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सेंट मार्क्सच्या दफनभूमीत साध्या कबरीत त्याला पुरलं. वर दगड नाही, खूण नाही. अशा कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरल्या जात. नेमकी जागा आज कुणालाच माहीत नाही.

क्योखेलसाहेब

मागे उरला कागदांचा ढीग. बहुतेक रचना हयातीत छापल्याच गेल्या नव्हत्या. छापलेल्यांना प्रकाशकांनी 'ओपस' नंबर दिले होते, पण एकाने दिलेला नंबर दुसरा प्रकाशक दुसऱ्याच रचनेला द्यायचा. कॉन्स्टान्झेने हस्तलिखितांचा मोठा साठा १७९९ च्या कराराने आंद्रे नावाच्या प्रकाशकाला विकला. आंद्रेने मोझार्टची वही १८०५ मध्ये छापली. पण ती १७८४ पासूनची. त्याआधीच्या रचनांचं काय? त्या अशाच विखुरलेल्या.

आता 'के' येतो. लुडविग क्योखेल. जन्म १४ जानेवारी १८००, ऑस्ट्रियातल्या क्रेम्सजवळच्या श्टाइन गावी. शिक्षणाने वकील, १८२७ मध्ये कायद्याची डॉक्टरेट. पण वकिली केली नाही. आर्चड्यूक कार्ल यांच्या चार मुलांचे शिक्षक म्हणून पंधरा वर्षं नोकरी केली. मुलं मोठी झाली तेव्हा साहेबांना सरदारकी मिळाली आणि पुढे पैशाची चिंता उरली नाही. मग ते फिरले, वनस्पती जमवल्या, खनिजं जमवली, त्यांवर अभ्यास केला. संगीत हा त्यांचा पेशा नव्हता, आवड होती.

पन्नाशीला पोचलेला हा माणूस मोझार्टच्या ढिगाकडे वळला. झाडाचं पान दिसलं की जात-कूळ शोधून चिठ्ठी लावायची सवय असलेला गडी. फ्रान्झ लोरेन्झ या मित्राने १८५१ मध्ये मोझार्टच्या रचनांच्या हेळसांडीबद्दल एक पुस्तिका लिहिली होती. तिने क्योखेलना उचल दिली. साल्झबुर्गला बस्तान हलवून त्यांनी वर्षानुवर्षं हस्तलिखितं, छापील प्रती आणि पत्रं तपासली. १८६२ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेलने ग्रंथ प्रसिद्ध केला. मोझार्टच्या वहीचीच पद्धत : प्रत्येक रचनेचे सुरुवातीचे स्वर, तारीख, हस्तलिखित कुठे आहे, छापील प्रती कुठल्या. आणि सगळ्याला एकच सलग क्रमांक, काळाच्या ओळीत, १ ते ६२६. हरवलेल्या, अपुऱ्या, संशयास्पद आणि खोट्या रचना वेगळ्या काढून परिशिष्टात.

एका संगीतकाराचं सगळं काम असं काळाच्या क्रमाने आणि शास्त्रीय शिस्तीने मांडणारं हे पहिलं मोठं काम. पुढे बाखसाठी बीडब्ल्यूव्ही (१९५०), शुबर्टसाठी ओटो एरिख डॉइचचा 'डी' (१९५१), हायडनसाठी होबोकेन, व्हिवाल्डीसाठी र्‍योमचा आरव्ही, अशी रांगच लागली. प्रत्येकाची रीत वेगळी. बाखच्या यादीत क्रमांक रचनेच्या प्रकाराप्रमाणे आहेत. त्यामुळे बीडब्ल्यूव्ही ५६५ वरून बाखचं वय काढायला जाऊ नका, तोंडावर पडाल.

क्योखेलसाहेब ३ जून १८७७ ला व्हिएन्नात वारले. त्यांच्या अंत्यविधीत मोझार्टचं रेक्विएम वाजवलं गेलं. के. ६२६.

रिव्हिजन

गोष्ट इथे संपली असती तर छान होतं. पण क्रमांकातच काळ कोंबला होता, आणि काळाबद्दलची माहिती बदलत राहिली. के. १ च्याही आधीचे तुकडे सापडले. आता त्यांना शून्य देणार की उणे एक? १९३७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आल्फ्रेड आइनस्टाइन यांनी (हे सापेक्षतावादवाले नव्हेत, संगीताचे अभ्यासक) रचना नव्याने काळाच्या क्रमात लावल्या आणि मधे अक्षरं घुसवली. १९६४ च्या सहाव्या आवृत्तीत आणखी. त्यामुळे के. १ झाली १ई. आपली टायटनवाली १८३ झाली १७३डीबी. ड्रॉइंगवर रिव्हिजनवर रिव्हिजन चढत गेली की कारागीर जुनीच प्रिंट पुढे करतो. वादकांनी तेच केलं. ते १८३ च म्हणत राहिले.

आणि दुरुस्त्यासुद्धा चुकल्या. 'टर्किश मार्च' जिच्यात आहे ती सोनाटा, के. ३३१. ती पॅरिसमधली, १७७८ ची, असं मानून तिला के. ३१० च्या शेजारी ३००आय ही जागा दिली गेली. पुढे वोल्फगांग प्लाट यांनी मोझार्टचं अक्षर वर्षागणिक कसं बदललं ते तपासलं. अॅलन टायसन यांनी हस्तलिखितांच्या कागदातले वॉटरमार्क तपासले, म्हणजे कुठला कागद त्याने कधी, कुठे विकत घेतला असेल ते. निष्कर्ष असा की ही सोनाटा १७८३ च्या सुमाराची. आपल्या फॉर्म्युल्यात के. ३३१ घाला, तेवीस येतात. खरं वय सत्तावीस. रेषेपासून दूर पडलेला हा बिंदू रीडिंगची चूक नव्हती, स्केलवरचा आकडाच चुकीच्या जागी छापलेला होता. पॅरिसच्या दुःखाच्या शेजारी ठेवलेली ती रचना खरं तर लग्नानंतरच्या बऱ्या दिवसांतली निघाली. नुसत्या आकड्यावरून माणसाचं मन वाचणाऱ्यांनी हे जपून ठेवावं.

डेटाबेसच्या तासाला सर एक गोष्ट सांगतात. प्रायमरी की मध्ये अर्थ भरू नका, कारण अर्थ बदलला की की बदलावी लागते. क्योखेलच्या यादीला हे कळायला १६२ वर्षं लागली. २०२४ मध्ये नील झास्लॉ आणि उलरिख लाइझिंगर यांनी नवी आवृत्ती काढली, आणि काळाप्रमाणे पुन्हा क्रमांक लावण्याचा नाद सोडून दिला. शक्य तिथे क्योखेलचा मूळ आकडा कायम. १८३ पुन्हा १८३. तारखेची माहिती नोंदीत लिहायची, आकड्यात नाही. नव्याने सापडेल ते ६२६ च्या पुढे. त्याच वर्षी लाइपझिगच्या शहर ग्रंथालयात पोरवयातल्या मोझार्टची एक छोटी संगीतिका उजेडात आली. तिचा क्रमांक के. ६४८. म्हणजे सर्वांत मोठ्या क्रमांकांपैकी एक, आणि लिहिणारा मात्र शाळकरी वयाचा. आपला फॉर्म्युला इथे कायमचा निवृत्त.

मग क्योखेलसाहेब चुकले का? तारखांत पुष्कळ ठिकाणी चुकले. पण आधी कुणीतरी सगळ्या कागदांना एकेक क्रमांक दिला, म्हणून पुढच्यांना नेमकी कुठली नोंद चुकली ते बोट ठेवून दाखवता आलं. क्रमांकच नसता तर चूकही सापडली नसती. आपल्या लॅबमध्ये रीडिंगला नंबर न घालता कागदावर आकडे खरडणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं.

पुढच्या वेळी रूमवर कोणी मोबाईलवर मोझार्ट लावलं, तर नावापुढचा तो आकडा बघा. सेंट मार्क्समध्ये तो नेमका कुठे आहे हे कुणी सांगू शकत नाही. पण सतरा वर्षांच्या असताना त्याने काय लिहिलं, आणि मुलगी गेल्यावर महिन्याभरात काय लिहिलं, हे तुम्ही शेल्फवरून हात घालून काढू शकता. आधी १८३ ऐका आणि लगेच ५५० ऐका. दोन्ही जी मायनर. मधली पंधरा वर्षं ऐकू येतात.